वाचकांचे प्रश्न : मैत्रिणीने ऐकायला दिलेला अल्बम

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकाराविषयीची पत्रे लक्षात येण्याइतकी आहेत. पत्र लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला या संगीताची वाट कुणा मित्राने किंवा मैत्रिणीने दाखवलेली आहे. म्हणून या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे. फोंड्याच्या वाचिकेने विचारलेला प्रश्न इतरांच्याही मनात असणार असे वाटल्यामुळे त्याचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : मी फोंड्याला राहते. आमच्या घरी नाट्यसंगीत, अभंग आणि थोडेफार शास्त्रीय संगीत ऐकले जाते. महाविद्यालयात माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण सध्या मडगावला असते आणि गिटार वाजवते. तिने मला 'यस' या इंग्लंडमधील बँडचा 'क्लोज टू द एज' हा अल्बम ऐकायला सांगितला आणि 'एका बैठकीत ऐक, तुकड्यातुकड्यांनी ऐकू नकोस' असे बजावले. मी तो आधी स्वयंपाक करता करता ऐकला, नंतर बसूनही ऐकला. पहिल्या गाण्याची सुरुवात मला गोंगाटासारखी वाटली. मधला ऑर्गनचा भाग मात्र मनात राहिला. शब्द ऐकू येतात, पण अर्थ लागत नाही. मैत्रीण प्रत्येक फोनवर 'कसा वाटला?' असे विचारते आणि मी 'छान आहे' म्हणून विषय बदलते. तिने इतक्या आपुलकीने दिलेली गोष्ट मला खरोखर ऐकता यावी असे वाटते. ती कशी ऐकावी, आणि मैत्रिणीला काय सांगावे?
— एक वाचिका, फोंडा

उत्तर : मैत्रिणीने घातलेली 'एका बैठकीत ऐक' ही अट अगदी योग्य आहे, कारण हा अल्बम बांधलाच मुळी त्या हिशोबाने आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अल्बममध्ये अवघी तीन गाणी आहेत. अल्बमच्याच नावाचे पहिले गाणे साडेअठरा मिनिटांहून अधिक चालते आणि मूळ रेकॉर्डची एक संपूर्ण बाजू व्यापते. 'अँड यू अँड आय' आणि 'सायबेरियन खात्रू' ही उरलेली दोन गाणी दुसऱ्या बाजूवर आहेत.

गाणे इतके लांब का, याचे उत्तर काही अंशी तबकडीत आहे. आपल्याच तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीतील 'जात कहाँ हो' ही ध्वनिमुद्रिका आपण ऐकली असेलच. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर तिला स्थान मिळाले. ती साधारण साडेतीन मिनिटांत संपते, कारण ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे, आणि मैफलीत तासभर राग मांडणाऱ्या गायिकेला तेवढ्यातच सारे बसवावे लागे. १९४८ मध्ये एल. पी. रेकॉर्ड बाजारात आली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. तरीही लोकप्रिय पाश्चात्त्य संगीतात बराच काळ या जागेत तीन-तीन मिनिटांची सुटी गाणीच भरली जात होती. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील काही तरुण वादकांनी ही संपूर्ण बाजू एकाच रचनेसाठी वापरायला सुरुवात केली. त्यांच्यातील कुणी पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकलेले होते, कुणी जॅझ ऐकत वाढलेले होते, आणि अभिजात संगीतातील दीर्घ रचनेचा आवाका त्यांना रॉकच्या वाद्यांतून साधायचा होता. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणून जे ओळखले जाते ते मुख्यतः या खटपटीतून उभे राहिले.

आता ऐकण्याविषयी. आपल्याला गोंगाट वाटलेला भाग पहिल्या मिनिटाच्या आसपास सुरू होतो. त्याआधी पक्ष्यांची किलबिल आणि वाहत्या पाण्याचा आवाज हळूहळू वाढत जातो, आणि मग गिटार, बेस गिटार, ड्रम्स व कीबोर्ड एकाच वेळी अंगावर आल्यासारखे सुरू होतात. या ठिकाणी सगळे एकदम ऐकण्याचा प्रयत्न करू नये. फक्त क्रिस स्क्वायर यांच्या बेस गिटारकडे कान द्यावा. एरवी बेस गिटार मागे राहून घुमत असते. स्क्वायर मात्र आपले रिकेनबॅकर कंपनीचे वाद्य नखीने वाजवत, त्यामुळे त्याचा स्वर टणक, खणखणीत आणि अगदी पुढे येतो. त्या गदारोळात स्टीव्ह हाउ यांची गिटार सैरावैरा धावत असली तरी बेसची ओळ पायऱ्या चढावी तशी चढत जाते, आणि एकदा ती हाती लागली की बाकीची वाद्ये तिच्याभोवती आपोआप जागेवर बसू लागतात. मध्येच सारी वाद्ये थबकतात आणि केवळ कंठस्वरांचा एक आकार क्षणभर उमटतो. हे थांबणे अतिशय नेमके आहे. ते ओळखीचे झाले की हा भाग बेशिस्त वाटेनासा होतो. तिसऱ्या मिनिटाला गिटारवर जी स्वच्छ, गाण्यासारखी धून येते ती लक्षात ठेवावी, कारण तिची रूपे पुढे भेटत राहतात.

चौथ्या मिनिटाच्या सुमारास जॉन अँडरसन गाऊ लागतात. त्यांचा आवाज उंच पट्टीतला, पातळ आणि निर्मळ आहे, आणि रॉकमधील कर्कशपणा त्याच्यात नाही. या गाण्याचे चार भाग केलेले आहेत. दुसऱ्या भागात गायनाची चाल आधीच्यासारखीच वाटते, पण तिच्याखालचा बेस आणि ड्रम्सचा बंध बदललेला असतो. ओळखीची चाल अनोळखी जमिनीवर उभी राहिल्यामुळे मनाला जी किंचित अस्वस्थता वाटते ती रचनाकारांना हवीच आहे. सुमारे साडेआठ मिनिटांनंतर 'आय गेट अप, आय गेट डाउन' हा तिसरा भाग येतो आणि सारे शांत होते. ड्रम्स थांबतात, दोन-तीन कंठ एकमेकांत मिसळून सावकाश गातात, आणि बाराव्या मिनिटानंतर आपल्या मनात राहिलेला तो ऑर्गन येतो.

हा ऑर्गन स्टुडिओतला नाही. बँडचे कीबोर्डवादक रिक वेकमन यांनी लंडनमधील सेंट जाइल्स क्रिपलगेट या जुन्या चर्चमधील मोठा पाइप ऑर्गन वाजवला आणि त्याचे ध्वनिमुद्रण करून ते उरलेल्या संगीताला जोडले. तो आपल्याला भावला याचे एक कारण मला असे वाटते की तोपर्यंतची बारा मिनिटे ज्या कोंदट, दाटीवाटीच्या आवाजात गेली, त्यानंतर एकाएकी उंच छताखालची मोकळी हवा ऐकू येते. म्हणजे आपण ज्याला गोंगाट म्हटले त्याच्याशिवाय ऑर्गनचा परिणाम इतका झालाच नसता. केवळ ऑर्गनचा भाग वेगळा काढून ऐकून पाहावा, तो सुंदरच वाटेल, पण त्याचे वजन कमी झालेले जाणवेल. एका बैठकीची अट मैत्रिणीने घातली ती याचसाठी.

ऑर्गननंतर वेग परत येतो, वेकमन यांचे हॅमंड या विजेवर चालणाऱ्या ऑर्गनवरील वादन होते, आणि शेवटच्या भागात आधीचे धृवपद पुन्हा येते. या वेळी ते विस्तारलेले, भरून आलेले असते. मग पक्षी आणि पाणी. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या माणसाला मुखड्याकडे परतण्याची ओढ ठाऊक असते. साडेअठरा मिनिटांच्या या रचनेतही ती ओढ आहे, फक्त परतीची वाट लांब आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. लांबी आणि गांभीर्य पाहून हे संगीत ख्यालासारखे असेल अशी अपेक्षा ठेवू नये. ख्याल गाताना बंदिशीतून राग त्या त्या वेळी उलगडत जातो, आणि उद्या तोच गायक तोच राग निराळ्या रीतीने मांडील. 'क्लोज टू द एज' मध्ये जवळजवळ सारे आधी ठरवलेले आहे. ध्वनिमुद्रक आणि सहनिर्माते एडी ऑफर्ड यांच्यासह या मंडळींनी गाणे तुकड्यातुकड्यांनी मुद्रित केले आणि चुंबकीय फितीचे तुकडे कापून एकमेकांना जोडले. पाच जणांनी एकत्र बसून ते सलग वाजवले असे पहिल्यांदा घडलेच नाही, ते सलग वाजवायला त्यांना नंतर शिकावे लागले. हे काम इतके दमवणारे होते की ड्रमवादक बिल ब्रुफर्ड ध्वनिमुद्रण संपताच बँड सोडून 'किंग क्रिमसन' या दुसऱ्या बँडमध्ये गेले. तेव्हा उत्स्फूर्ततेचा आनंद येथे शोधू नये. बांधणीचा आनंद शोधावा.

शब्दांविषयी माझे मत स्पष्ट आहे. अर्थ लावण्याच्या मागे लागू नये. हर्मन हेसे यांच्या 'सिद्धार्थ' या कादंबरीवरून अँडरसन यांना हे गाणे सुचले, आणि नदीकाठी बसून स्वतःचा शोध घेणाऱ्या माणसाची छाया गाण्यावर आहे, एवढे माहीत असले की पुरे. एरवी अँडरसन शब्द अर्थापेक्षा नादासाठी निवडत, आणि इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा आहे अशा श्रोत्यांनाही त्यातील कित्येक ओळींचा सरळ अर्थ लागत नाही. यात आपल्या आकलनाचा दोष नाही.

राहिला मैत्रिणीचा प्रश्न. आपण पत्रात मला जे लिहिले आहे तेच तिला सांगावे : सुरुवात गोंगाटासारखी वाटली, ऑर्गन आवडला, शब्द कळले नाहीत. 'छान आहे' या उत्तराने तिला काहीच कळत नाही, उलट या तीन वाक्यांवरून आपण नेमके कुठवर पोहोचलो आहोत हे तिला समजेल आणि पुढे काय ऐकवावे हेही ठरवता येईल. अल्बमच्या याद्या पुष्कळ ठिकाणी मिळतात, परंतु यादी करणाऱ्याला आपण कोण, आपल्या घरी काय ऐकले जाते, हे माहीत नसते. मैत्रिणीला माहीत आहे. नाट्यसंगीत ऐकणाऱ्या मुलीला हे आवडेल असे तिला का वाटले, हे तिला अवश्य विचारावे, कारण तिच्या उत्तरात ऐकण्याची आणखी एखादी दिशा सापडेल. आणि पुढच्या वेळी मडगावला जाल तेव्हा दोघींनी एकत्र बसून ऐकावे. गिटार वाजवणारी व्यक्ती शेजारी असताना बोटाने दाखवलेली एक जागा चार पानांच्या विवेचनापेक्षा अधिक काही सांगून जाते. आपणही तिला केसरबाईंची ती भैरवी ऐकवावी. तीसुद्धा एका बैठकीत.

प्रश्न : मी वास्कोत भजनाला संवादिनीची साथ करतो. कार्यालयातील एका मित्राने 'किंग क्रिमसन'चा पहिला अल्बम ऐकवला. त्यातील 'एपिटाफ' या गाण्यात मोठा व्हायोलिनवृंद वाजतो, पण वादकांच्या यादीत एकाही व्हायोलिनवादकाचे नाव नाही. मित्र म्हणतो की तो आवाज एका पेटीतून येतो. हे खरे आहे का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : आपले मित्र बरोबर सांगतात, आणि संवादिनीवादकाने हे वाद्य समजून घ्यावे इतके ते विलक्षण आहे. 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' हा ऑक्टोबर १९६९ मधील अल्बम. त्यात आपण ऐकलेले वाद्य मेलोट्रॉन आहे आणि ते इयन मॅकडोनल्ड यांनी वाजवले आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १९६३ पासून हे वाद्य तयार होऊ लागले. बाहेरून ते कपाटाएवढ्या पेटीसारखे दिसते आणि त्याला पियानोसारख्या पट्ट्या असतात. आत मात्र प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक स्वतंत्र तुकडा ताणून बसवलेला असतो, आणि त्या फितीवर खऱ्या व्हायोलिनवादकांनी, बासरीवादकांनी किंवा गायकवृंदाने धरलेला तोच एक स्वर मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत फिरत्या दांड्यावर दाबली जाऊन पुढे सरकते आणि स्वर ऐकू येतो. बोट उचलले की स्प्रिंग फितीला ओढून मूळ जागी नेते.

आता आपल्याला रस वाटेल अशी गोष्ट. फीत सुमारे आठ सेकंदांतच संपते. संवादिनीवर भाता चालू आहे तोवर स्वर हवा तितका धरता येतो, मेलोट्रॉनवर तो आठव्या सेकंदाला तुटतो. त्यामुळे वादकाला सतत बोटे बदलत, एक स्वर संपण्याआधी दुसरा उचलत पुढे जावे लागते. 'एपिटाफ' पुन्हा ऐकताना व्हायोलिनांच्या त्या भरतीत स्वरसमूह कुठे बदलतात याकडे लक्ष द्यावे. शिवाय अनेक पट्ट्या एकदम दाबल्या की मोटरवर ताण येऊन स्वर किंचित खाली ओघळल्यासारखे होतात. त्या थरथरीमुळेच तो वाद्यवृंद खऱ्या वाद्यवृंदाहून निराळा, काहीसा दूरचा आणि उदास वाटतो. खरा व्हायोलिनवृंद आणला असता तर हे गाणे अधिक गुळगुळीत झाले असते आणि माझ्या मते कमी प्रभावी.

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातला. चतुर्थीत घुमट आरतीत घुमट वाजवतो, त्यामुळे लयीकडे आधी लक्ष जाते. भावाच्या मित्राने पाठवलेल्या पिंक फ्लॉइडच्या 'मनी' या गाण्यात हातावर ताल धरता धरता चुकतो. या गाण्यात सात मात्रा आहेत असे कुणी म्हणाले. मग तो आपला रूपक समजायचा का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : मात्रा सातच आहेत, पण त्याला रूपक म्हणता येणार नाही. रूपकात तीन-दोन-दोन असे खंड आहेत, सम आणि खाली यांची व्यवस्था आहे, ठरलेला ठेका आहे. 'मनी'मध्ये खालीची कल्पना नाही. ठेक्याचे काम तेथे बेस गिटारची एक ओळ करते, जी सात मात्रांत पूर्ण होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ती ओळ तोंडपाठ झाली की मात्रा मोजाव्या लागत नाहीत, जसा ठेका अंगात मुरल्यावर तबलजीला मोजावा लागत नाही.

मोजायला सुरुवात मात्र बेसच्याही आधी करावी. हे गाणे १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमवर आहे. गाण्याच्या अगदी आरंभी नाण्यांचा खणखणाट, कागद फाटण्याचा आवाज, दुकानातील गल्ल्याच्या यंत्राचा आवाज असे सात आवाज एकामागोमाग येतात आणि त्यांची मालिका पुन्हा पुन्हा फिरते. बँडचे बेस गिटारवादक रॉजर वॉटर्स यांनी हे आवाज मुद्रित केले, फितीचे सारख्या लांबीचे तुकडे मोजून कापले, ते जोडून त्यांचे वेटोळे केले आणि ते यंत्रावर फिरत ठेवले. म्हणजे लांबी मोजून ताल तयार केला. आपण हे सात आवाज हातावर धरावेत आणि बेस सुरू झाल्यावर हात तसाच चालू ठेवावा. आधी गायन, मग सॅक्सोफोनचे वादन, हे सारे सातात चालते. त्यानंतर डेव्हिड गिलमोर यांची गिटार सुरू होते तेव्हा सात सोडून चार मात्रांची साधी चाल धरलेली आहे, आणि आपला हात बहुधा तेथेच चुकत असावा. गिटार संपून गायन परत आले की सातही परत येतात.

आपल्याकडे लयीच्या अवघड कामाला मोठा मान आहे. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर याच भूमीतले, आणि घुमट आरतीतही लयीच्या चढत्या पायऱ्या सांभाळाव्या लागतात. म्हणून आपल्याला आणखी एक रचना सुचवतो. 'जेनेसिस' या बँडच्या १९७२ मधील 'फॉक्सट्रॉट' या अल्बमवर 'सपर्स रेडी' ही सुमारे तेवीस मिनिटांची रचना आहे. तिच्या उत्तरार्धात नऊ मात्रांचा एक भाग येतो. त्यात बेस आणि ड्रम्स एकच बंध न हलता धरून ठेवतात आणि टोनी बँक्स त्यावर ऑर्गन वाजवताना त्या बंधाच्या चौकटीला जुमानत नाहीत, त्यांची वाक्ये कधी आधी संपतात, कधी पुढच्या आवर्तनात उतरतात. ठेका स्थिर आणि वर लयकारी हे नाते आपल्याला समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की येथे समेवर येण्याचे बंधन वादक मानत नाही, आणि म्हणूनच शेवटी सारे एकत्र येतात तेव्हा तो क्षण फार मोठा वाटतो.

प्रश्न : एका मित्राने घर बदलताना आपल्या काकांच्या जुन्या रेकॉर्डांचा गठ्ठा मला दिला. त्यात पिंक फ्लॉइड आणि जेथ्रो टल या बँडच्या रेकॉर्डी आहेत. काहींवर पावसाळ्यात बुरशी आली आहे. शिवाय मुलगा विचारतो की हेच सगळे फोनवर मिळत असताना रेकॉर्ड कशाला?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : बुरशीवर उपाय आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब घालून, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोलाकार पुसावे, मधला कागद भिजू देऊ नये, नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून रेकॉर्ड सावलीत वाळवावी. आतील कागदी पाकिटे बुरशी धरतात, ती टाकून नवी घ्यावीत. बाहेरचे मूळ आवरण मात्र जपावे. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत, आणि पावसाची झड लागणाऱ्या भिंतीला टेकलेले कपाट त्यांच्यासाठी वापरू नये. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. गठ्ठ्यात ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल कदापि लावू नये, लाख विरघळते.

मुलाने फोनवर खुशाल ऐकावे, परंतु गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय बंद ठेवावी आणि दोन गाण्यांच्या मध्ये शांतता येत असेल तर तीही काढून टाकावी. 'डार्क साइड ऑफ द मून' मध्ये एक गाणे दुसऱ्यात मिसळत जाते, तेथे मध्येच पडलेला खंड वाक्य तोडल्यासारखा वाटतो. जेथ्रो टलचा 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' हा १९७२ मधील अल्बम गठ्ठ्यात असेल तर तो त्याच्या हातात आवर्जून द्यावा. संपूर्ण अल्बम म्हणजे एकच गाणे, केवळ बाजू उलटण्यापुरते थांबणारे, आणि मूळ आवरण म्हणजे एका काल्पनिक गावचे बारा पानांचे वर्तमानपत्र. ते उलगडून वाचत वाचत ऐकण्याचा आनंद फोनच्या पडद्यावर मिळत नाही. आवरणाची पाने सुटी झाली असतील तर चिकटपट्टी लावू नये, तशीच जपून ठेवावीत.

प्रश्न : मैत्रिणीने 'क्लोज टू द एज' दिला आणि तो फार आवडला. यानंतर काय ऐकावे? याच बँडचा पुढचा अल्बम परमहंस योगानंदांच्या ग्रंथावरून सुचला असे कळले, म्हणून तो घ्यावा असे वाटते.
— एक वाचिका, पेडणे

उत्तर : तो अल्बम 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स', १९७३ मधला. योगानंदांच्या आत्मचरित्रातील एका तळटीपेवरून अँडरसन यांना त्याची कल्पना सुचली, आणि दोन रेकॉर्डांच्या चार बाजूंवर चारच गाणी आहेत. भारतीय नाव पाहून आपली ओढ स्वाभाविक आहे, पण त्यात भारतीय संगीत शोधायला जाऊ नये, आणि इतक्यात तो घेऊही नये. त्यात उत्तम जागा आहेत, परंतु दोन जागांमधील अंतर फार आहे. वेकमन यांनाही तो पटला नव्हता आणि १९७४ मध्ये ते बँडमधून बाहेर पडले.

त्याऐवजी जेनेसिसचा 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' घ्यावा, तोही १९७३ चाच. त्यातील 'फर्थ ऑफ फिफ्थ' या गाण्यात मध्यावर बासरीवर एक छोटी, संकोचलेली धून येते आणि जाते. काही वेळाने स्टीव्ह हॅकेट तीच धून गिटारवर घेतात, एकेक स्वर दीर्घ ताणत, आणि तिचा पूर्ण विस्तार करतात. शब्दांशिवायचे काही हवे असेल तर 'कॅमल' या बँडचा १९७५ मधील 'द स्नो गूज' ऐकावा. त्यात गायलेले शब्द जवळजवळ नाहीतच, आणि घरातील वडीलधाऱ्यांबरोबर बसूनही तो ऐकता येईल. 'क्लोज टू द एज' मात्र बाजूला ठेवू नये. संगीतकार स्टीव्हन विल्सन यांनी मूळ ध्वनिमुद्रणावरून केलेले त्याचे नवे मिश्रण, म्हणजे वाद्ये आणि कंठ यांचे आवाज नव्याने जुळवलेली आवृत्ती, २०१३ मध्ये निघाले आहे. त्यात कंठस्वर आणि बेस अधिक सुटे ऐकू येतात. आपल्या मैत्रिणीकडे जुने मिश्रण असेल तर दोन्ही पाठोपाठ लावून पाहावीत, आणि 'अँड यू अँड आय' या गाण्याच्या आरंभीच्या बारा तारांच्या गिटारपासून सुरुवात करावी.